खाडीत बेट बोट आणि सोनार: आधी तळ बघा, मग गरी टाका

आमच्या बांधावर गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, येणाऱ्यांत आता कुणाकुणाच्या हातात रॉडबरोबर बेट बोटीचा (bait, म्हणजे आमिष लांब नेऊन टाकणारी छोटी बोट) रिमोटपण दिसायला लागलाय, आणि दर रविवारी कोणतरी विचारतंच की भाऊ ही बोट चालवायची कशी, कुठली घ्यायची, त्या सोनारच्या, म्हणजे पाण्याची खोली आणि तळ दाखवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनवर मासा खरंच दिसतो का. उभ्या उभ्या सांगताना अर्ध्या गोष्टी राहून जातात आणि राहिलेली नेमकी तीच गोष्ट असते जिच्यामुळे पुढच्या आठवड्यात बोट चिखलात रुतते, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ही बेट बोट मुळात तिकडे युरोपात कार्प मासा धरणाऱ्यांसाठी निघाली. म्हणजे तळं, गोडं पाणी, प्रवाहाची ओढ नाही, भरती-ओहोटी नाही. सोबतचं माहितीपुस्तक तसंच लिहिलेलं असतं. आपल्याकडे गोव्यात मांडवी, झुआरी, शापोरा, साळ, कुठेही जा, दिवसातून दोनदा पाणी चढतं दोनदा उतरतं, पाणी खारं, तळाला चिखल, काठाला खारफुटीची मुळं, आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात तर मगरी. त्यामुळे पुस्तकातलं निम्मं आपल्याला लागू होत नाही, ते आपणच शिकायचं.

घेताना काय बघायचं ते थोडक्यात सांगतो. दोन मोटरची बोट घ्या, एका मोटरची ओढीत वळत नाही. आमिषाचा कप्पा खालून उघडणारा हवा आणि शक्यतो दोन कप्पे वेगवेगळे उघडणारे. वजन किलो-दीड किलो उचलते म्हणतात ते ठीक आहे, आपल्याला एवढं लागत नाही, पण थोडी जड बोट लाटेत कमी नाचते आणि सोनार लावायचा असेल तर न नाचणं फार महत्त्वाचं. जीपीएस असलेली मिळाली तर बरी, फक्त जीपीएसवर आंधळा भरवसा ठेवू नका, ते पुढे येतंच. रेंज पाचशे मीटर लिहिलेली असते ती मोकळ्या जागेतली. रिमोट चालतो २.४ गिगाहर्ट्झवर, बोटीची अँटेना पाण्यापासून वीतभर उंच, आणि मध्ये खारफुटीची ओली पानं आली की सिग्नल गेलाच म्हणून समजा. मी खाडीत दीडशे मीटरच्या पुढे पाठवतच नाही, आणि बांधावर जिथे जागा उंच आहे तिथे उभा राहतो, खाली पाण्याशी उकिडवा बसून नाही.

समुद्राच्या किनाऱ्यावर ही बोट नेऊ नका. लाट फुटते तिथे ती टिकत नाही, एक फुटती लाट वरून आली की उलटी. ही खाडीची, नदीची आणि तळ्याची वस्तू.

आता सोनार. याबद्दल जास्त लिहिणार कारण खरा फायदा इथेच आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजपण इथेच.

लोकांना वाटतं सोनार म्हणजे मासे दाखवणारा टीव्ही. तो मुळात ऐकणारा आहे. ट्रान्सड्यूसर, म्हणजे त्याचा आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, खाली आवाज सोडतो, आवाज तळाला लागून परत येतो, किती वेळाने आला त्यावरून खोली. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो, म्हणजे सहा मीटर खोलीवरून परत यायला सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा लागत नाही. जपानच्या फुरुनो भावांनी १९४८ मध्ये मासे शोधायचं पहिलं कामाचं यंत्र बाजारात आणलं तेव्हापासून मूळ तत्त्व हेच आहे, आता फक्त ते मुठीएवढं झालंय. मशीनमध्ये गोडं पाणी की खारं असं सेटिंग असतं ते विसरलात तरी फार बिघडत नाही, फरक तीनेक टक्क्यांचा, सहा मीटरला वीसेक सेंटिमीटर.

हा आवाज खाली टॉर्चच्या उजेडासारखा पसरत जातो. किती पसरतो ते मशीनवर आहे. वीस अंशांचा असेल तर तीन मीटर खोलीवर तुम्ही तळाचा फक्त मीटरभराचा गोल बघताय, सहा मीटरवर दोन मीटरचा. पंचावन्न अंशांचा रुंद असेल तर सहा मीटरवर सहा मीटरचा गोल. म्हणजे रुंद वाला जास्त जागा दाखवतो पण दगड बरोबर कुठे आहे ते सांगत नाही, कारण सहा मीटरच्या गोलात तो कुठेही असू शकतो. खाडीत मला अरुंद आवडतो. दगडाच्या बाजूला आमिष टाकायचं तर दगड नेमका कुठे ते कळायला हवं ना.

स्क्रीनवर उजव्या कडेला दिसतं ते आत्ताचं, डावीकडे सरकत गेलेलं सगळं मागचं. हे एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. बोट थांबलेली असताना पण चित्र सरकतच राहतं, म्हणून नवीन माणसाला वाटतं खाली लांबलचक सपाट तळ आहे, प्रत्यक्षात बोट एकाच जागी उभी. तसंच मासा कमानीसारखा दिसतो तो का, तर मासा गोलाच्या कडेला असतो तेव्हा अंतर जास्त, मधोमध आला की कमी, परत जाताना जास्त. म्हणून कमान. बोट उभी आणि मासा पण उभा, तर कमान येतच नाही, सरळ रेघ येते, आणि लोक तिला काठी समजतात. माशाचं चित्र काढून दाखवणारं सेटिंग असतं ते पहिल्याच दिवशी बंद करा, ते तरंगत्या प्लास्टिकच्या पिशवीलापण मासा म्हणतं आणि पावसाळ्यात आपल्या नद्यांत पिशव्यांना तोटा नाही.

तळ वाचायला शिका, मासा नंतर. कडक तळ, म्हणजे दगड, कालवांचा (शिंपल्यांचा) थर, पक्की वाळू, असेल तर रेघ बारीक नाही, जाड आणि ठळक येते, आणि बरेचदा खाली दुप्पट खोलीवर तशीच दुसरी फिकी रेघ येते, कारण आवाज वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाला लागून परत खाली गेला. चिखल असेल तर आवाज आत मुरतो, रेघ मऊ, पुसट, कडा नसलेली, दुसरी रेघ नाहीच. एकदा तुमच्या ओळखीच्या जागेवरून, जिथे ओहोटीला तुम्ही स्वतः पाय रुतवून चालला आहात, भरतीला बोट न्या आणि स्क्रीन बघा. चिखल कसा दिसतो ते मग आयुष्यात विसरणार नाही. असंच कालवं लागलेल्या दगडांवरून न्या. या दोन रेघा ओळखता आल्या की बाकी नदी आपोआप वाचता येते.

पावसाळ्यात अजून एक गंमत होते, वर नदीचं गोडं पाणी आणि खाली समुद्राचं खारं, दोघांची मध्येच एक सीमा, आणि त्या सीमेवर स्क्रीनवर फिकी आडवी पट्टी येते. तो तळ नाही आणि माशांचा थवापण नाही. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे सोनार किती बारीक आवाज पकडतो ते, थोडी कमी करून बघा, पट्टी विरते आणि तळ राहतो. गढूळ पाण्यात सगळी स्क्रीनच ठिपक्यांनी भरते, तिथेपण तोच उपाय.

बोटीवर ट्रान्सड्यूसर लावताना पंख्याच्या पुढे लावा, मागे नाही, पंख्याचे बुडबुडे खाली गेले की आवाज त्यांनाच लागतो. आणि सपाट हवा, तिरका लावला तर खोली जास्त दाखवतो. कुणी कुणी वायफायचा गोळा सोनार दोरीने बोटीमागे ओढतात, चालतं, पण वायफायपण बरेचदा २.४ वरच असतं आणि रिमोटपण २.४ वर, दोघं जवळ असले तर एकमेकांत लुडबूड करतात, फोनवर चित्र अडकत अडकत येतं किंवा त्याहून वाईट म्हणजे बोट रिमोट ऐकत नाही. म्हणून दोन्ही चालू करून आधी काठाजवळ वीस-तीस मीटरवर फिरवून बघा. वाचायच्या जागी मोटर बंद करून दोन-तीन सेकंद बोट वाहू द्या, तेवढ्यात सगळ्यात स्वच्छ चित्र मिळतं.

आता माझं मुख्य सांगणं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांना रॉड घरी ठेवा. खरंच घरी ठेवा, गाडीत पण नको, कारण गाडीत असला की हात शिवशिवतो. नुसती बोट, सोनार, एक वही. आमच्या गावात पागेर (फेकायचं जाळं) टाकणारे एक म्हातारे काका होते ते मला लहानपणी म्हणायचे, "पुता, पयलीं उदक पळय, मागीर मासळी." म्हणजे पोरा, आधी पाणी बघ, मग मासळी. त्यांना तळ पायाला कळायचा, पागेराला लागणाऱ्या झटक्याला कळायचा. आपल्याकडे ते चाळीस वर्षांचं पाणी नाही, यंत्र आहे, तर ते त्याच कामाला लावा.

करायचं कसं, तर भरती जवळपास पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ ठरतं, तेव्हा बोट काठाशी समांतर न्या, मग दहा मीटर बाहेर घेऊन परत आणा, असं नांगरणीसारखं. प्रत्येक बदलाच्या जागी वहीत लिहा: समोरच्या काठावरचं कुठलं झाड किंवा खांब, किती खोली, तळ कडक की मऊ. जीपीएस असेल तर तिथे खूण साठवा. आणि सगळ्यात वर वेळ लिहा, कारण खोली ही भरतीबरोबर बदलते. समजा मुरगावच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाप्रमाणे तेव्हा पाणी १.६ मीटर आहे आणि सोनार म्हणतो ४.२. तर पाणी ०.३ वर उतरेल तेव्हा तिथे राहणार २.९. हे गणित नाही केलं तर भरतीला सापडलेला सुंदर खड्डा ओहोटीला शोधताना सापडतच नाही. आणि कोष्टक मुरगावचं, तुम्ही आत फोंड्याच्या बाजूला किंवा डिचोलीकडे असाल तर पाणी उशिरा चढतं, किती उशिरा ते तुमच्या जागेवर घड्याळ लावूनच कळेल. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते हे तर गरवणाऱ्याला सांगायला नको.

काय शोधायचं? चणक (म्हणजे जिताडा) आणि तांबोसो हे मासे हवे असतील तर कडक आणि मऊ जिथे मिळतं ती सीमा. म्हणजे चिखलातून अचानक दगड सुरू होतो ती जागा, किंवा दोन मीटरवरून चार मीटरवर उतरणारी कड. ओढीत मासा अशा आडोशाला तोंड पाण्याकडे करून उभा राहतो आणि वाहत येणारं सुंगट (कोळंबी), शेवटा (बोय मासा) टिपतो. काळुंदर या माशासाठी ही बोट लागतच नाही, ते काठाच्या दगडात असतं, उगाच बोट नेऊन त्याला पळवू नका.

मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, समोर, दारातून पाणी पडून पडून जो खोल डोह होतो तिथे सोनार लावला तर सगळ्यात छान चित्र येतं, उतार स्पष्ट दिसतो. पण थांबा. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या) मानशीची मासळी धरायचा हक्क बरेचदा लिलावात कुणीतरी घेतलेला असतो, शेतकऱ्यांच्या संघटनेकडून, पैसे मोजून. तिथे न विचारता बोट सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या बागेतले नारळ पाडणं. आधी विचारा. मी विचारलंय तिथे दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी "बघ पण गरी टाकू नको" म्हणाले आणि स्क्रीन बघायला स्वतःच शेजारी येऊन बसले. तसंच खांब रोवून लावलेली जाळी, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांची जागा, फेरीबोटीचा रस्ता, बार्ज जातात तो मधला खोल भाग, इथून लांब. चोडणच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तिकडे तर नाहीच.

आता गरी टाकायचं. कप्प्यात खाली शिसं, वर गुंडाळलेला लीडर (गरीजवळचा दोऱ्याचा तुकडा), सगळ्यात वर आमिष लावलेली गरी, हा क्रम उलटा झाला तर कप्पा उघडल्यावर गरी बोटीलाच अडकते. जिवंत सुंगट असेल तर कप्प्यात थोडं ओलं शेवाळ घाला. रिळाची बेल (दोरा अडवणारी तार) उघडी ठेवा आणि दोरा बोटांतून हलका सुटू द्या, रॉडचं टोक उंच धरा म्हणजे दोरा पाण्याला कमी लागतो. बारीक ब्रेड (विणलेला दोरा) वापरा, जाड दोरा शंभर मीटर पाण्यात पडला की ओढ त्याला धनुष्यासारखा वाकवते आणि बोट मागे खेचली जाते. बोट सरळ जागेकडे नेऊ नका, आधी ओढीच्या विरुद्ध वर न्या, मग तिला तिरकी खाली येऊ द्या. आणि जागेच्या दोन-तीन मीटर अलीकडे, म्हणजे ओढीच्या वरच्या बाजूला टाका. शिसं पाच मीटर खाली जायला साधारण पाच सेकंद लागली आणि ओढ सेकंदाला अर्धा मीटर असली तर ते अडीच मीटर खाली वाहून जातं, एवढं सोपं आहे. टाकल्यावर बोट दोऱ्यावरून कधीही परत आणू नका, बाजूने वळसा घालून आणा, पंख्यात ब्रेड गुंडाळला गेला की बोटपण गेली आणि गरीपण.

धरणाकडे किंवा तळ्यात, जिथे परवानगी आहे तिथे, कटला-रोहूसाठी कप्प्यात खोबऱ्याची पेंड भिजवून भाताबरोबर मळून न्या, ओढ नसल्यामुळे सगळंच सोपं, शिकायला उत्तम जागा.

ओढीबद्दल एक स्पष्ट सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, पाणी अर्धं उतरलेलं असताना, ओढ एवढी असते की बोट पूर्ण जोर लावून जागच्या जागी उभी राहते. अशावेळी सोडू नका. अष्टमीच्या आसपास भांगाचं (कमी भरती-ओहोटीचं) पाणी मंद असतं, सुरुवात तिथूनच करा. आणि बोट नेहमी अशी सोडा की बॅटरी संपली तर ओढ तिला तुमच्याकडे आणेल. म्हणजे शक्यतो तुमच्या वरच्या बाजूला काम.

हे मी शिकलो ते कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी. संध्याकाळची वेळ, ओहोटी लागलेली, बोट खालच्या बाजूला ऐंशी मीटरवर, सिग्नल तुटला. सिग्नल तुटला की साठवलेल्या घराच्या जागी आपोआप परत यायचं सेटिंग होतं, तिने इमानदारीत परत यायला सुरुवात केली, पण ती घराची जागा मी भरतीला साठवलेली होती, आणि आता तिथे पाणी नव्हतं, काळा चिखल होता. बोट चिखलाच्या कडेला येऊन रुतली, पंखा घर्र घर्र फिरतोय आणि माझ्यापासून अंतर वीस पावलं. कुणीही उतरला असता. मी एक पाय पुढे टाकला आणि मागून एका पागी (मासेमार) माणसाने हाताला धरून मागे ओढलं आणि बोटाने समोर दाखवलं, चिखलावर ताजी ओढल्याची घसरण होती, रुंद, मधोमध शेपटीची रेघ. मगर थोड्या वेळापूर्वीच तिथे पडलेली होती. आम्ही दोघं काठावर बसून राहिलो, पाणी परत चढेपर्यंत, रात्री दहाच्या पुढे, मग त्याने होडी नेऊन बोट आणली.

म्हणून: घराची जागा ओहोटीला पण पाणी असेल अशा ठिकाणी साठवा, तुम्ही बांधावर जागा बदललीत तर ती पण बदला, सॅटेलाइट पुरेसे लागल्याशिवाय साठवूच नका. प्रत्येक वेळी सोडण्याआधी दहा मीटरवर बोट नेऊन मुद्दाम रिमोट बंद करा आणि ती काय करते ते बघा. आणि बोट अडकली तर पाण्यात उतरायचं नाही, कालवा असो की नसो. बोट पैशांनी परत येते.

मासा लागल्यावर काय करायचं त्याबद्दल दोन शब्द. गोल वळलेली सर्कल गरी वापरा, ती ओठाच्या कोपऱ्यात लागते, सोडायला सोपी. चणक लहान असताना नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे सगळी मोठी चणकं म्हणजे अंडी घालणाऱ्या माद्या. पावसाच्या तोंडावर त्या खाडीच्या तोंडाकडे अंडी घालायला जातात. मोठी लागली तर फोटो काढा, पोटाखाली हात देऊन पाण्यात धरा, जोर आल्यावर सोडा. मधल्या आकाराची घरी न्या, आमटीला तीच चांगली. यंत्राने आपल्याला लांबचा आणि खोलचा मासा दिसायला लागलाय, तर तेवढी जबाबदारी घ्यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. सांगट (शिंगाळा मासा) लागलं तर काट्यांना हात लावू नका, चिमटा जवळ ठेवा.

घरी आल्यावरचं काम टाळू नका, खारं पाणी एका रात्रीत मोटर खातं. बादलीत गोडं पाणी घ्या, बोट त्यात ठेवून पंखे मिनिटभर फिरवा, पाणी बदलून परत एकदा. पंख्यावर दोरा, केस, गवत गुंडाळलंय का बघा. पंख्याच्या दांड्याच्या नळीत ग्रीस दर दोन-तीन फेऱ्यांनी भरा, आत पाणी शिरण्यापासून तेच अडवतं. आतलं झाकण उघडून टिश्यू फिरवा, ओला आला तर कुठून गळतंय ते शोधल्याशिवाय परत सोडू नका. ट्रान्सड्यूसरचं तोंड मऊ फडक्याने पुसा, घासू नका. चार्जिंगच्या पिना हिरव्या पडायला लागल्या की समजा मीठ पोचलं. मग झाकण उघडंच ठेवून बोट रात्रभर बल्कांवात (ओसरीवर) वाळू द्या, आणि बॅटरी मात्र काढून घरात, अर्धी चार्ज असलेली, उन्हाच्या गाडीत कधीच नाही.